हार्डडिस्कचा आवाज बदलला की आधी थांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना निम्मा सरला की खान्देशातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘लॅपटॉप टकटक करस, पन चालस.’ चालतोय तर चालू द्या, गर्दी ओसरली की बघू, असे म्हणून माणूस लॅपटॉप परत घेऊन जातो. मग जून उजाडतो. दाखले, शाळा-कॉलेजचे प्रवेश, पीककर्जाचे कागद यांची झुंबड उडते आणि नेमकी तेव्हाच हार्डडिस्क मान टाकते. सेवा केंद्रचालकाच्या वर्षभराच्या फायली, छायाचित्रकाराचे अख्ख्या लगीनसराईचे चित्रीकरण, विद्यापीठात द्यायचा प्रबंध, जिनिंगमधल्या हिशेबनिसाचा टॅलीचा डेटा, सगळे तिच्यासोबत जाते. यातले बरेचसे वाचवता आले असते, ही गोष्ट आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांना फार लागते, म्हणून आपल्या दैनिकातून वाचकांपर्यंत ही माहिती पोचवायची आहे.

आमचे म्हणणे एवढेच की आवाज बदलला की पहिले काम डेटा बाहेर काढण्याचे. तपासणी, दुरुस्ती, विंडोज नव्याने टाकणे हे सगळे त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम सर्रास उलटा चालतो.

आवाज ओळखायचा तर आत काय आहे ते माहीत हवे. लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क बसते. जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर, वीज ५ व्होल्ट. आत चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये बहुधा काचेच्या. बहुतेक डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेतात, काही ७२००. तबकडीचा व्यास ६५ मिलिमीटर धरला तर ५४०० फेऱ्यांना तिच्या कडेचा वेग ताशी ६६ किलोमीटर पडतो, म्हणजे धुळे-जळगाव रस्त्यावर मोकळी धावणारी एसटी. या वेगाने फिरणाऱ्या काचेवरून वाचणारे हेड काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० हजार नॅनोमीटर जाड असतो. आत निर्वात पोकळी असते असे अनेकांना वाटते, पण ते खरे नाही. हवा नसेल तर हेड तरंगणारच नाही. म्हणून लॅपटॉपच्या डिस्कला श्वास घ्यायला एक बारीक भोक असते, त्याच्या आत फिल्टर असतो आणि शेजारी ‘हे झाकू नका’ असे छापलेले असते. दुकानदारांनी वॉरंटीचे स्टिकर त्याच भोकावर चिकटवू नये.

निरोगी डिस्कही आवाज करते. चालू होताना चढत जाणारी हलकी गरगर, काम करताना दाणे चाळल्यासारखी बारीक कुरकुर, बंद करताना एकच ‘टक्’. हेड तबकडीवरून उतरून बाजूच्या प्लॅस्टिकच्या उतारावर जाऊन बसते, त्याचा तो आवाज. आपण काहीच करत नसताना डिस्क दहा-पंधरा मिनिटे कुरकुरत राहिली तरी लगेच घाबरू नये. विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसची झडती किंवा फायलींची सूची बनवण्याचे काम मागे चालू असते. शिवाय १ आणि २ टीबीच्या पुष्कळ अडीच इंची डिस्कमध्ये डेटाचे पट्टे घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. मोठी फाइल टाकली की ही डिस्क मोकळ्या वेळात आपली कौले पुन्हा शाकारत बसते. ती कुरकुर दोषाची नाही.

एक टकटक मात्र दोषाचीही नाही आणि सोडून देण्यासारखीही नाही. लॅपटॉप नुसता उघडा पडलेला असताना दर काही सेकंदांनी एक हलका ‘टिक्’ येतो आणि कामाला लागले की थांबतो. बॅटरी वाचवण्यासाठी डिस्क स्वतःच हेड उचलून उतारावर ठेवते आणि कोणी काही मागितले की पुन्हा आत नेते. अशा चढउतारांची मर्यादा कंपनी ठरवून देते, जुन्या डिस्कवर ३ लाख, नंतरच्या बऱ्याच डिस्कवर ६ लाख. दर १० सेकंदांनी एक फेरी धरली तर तासाला ३६०, आठ तासांत २,८८०. या हिशेबाने ३ लाखांची मर्यादा साडेतीन महिन्यांत संपते. उपाय सोपा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फंक्शन, मग ॲडव्हान्स्ड फीचर, मग एएएम/एपीएम कंट्रोल असे जावे आणि एपीएमचा, म्हणजे डिस्कच्या वीज वाचवण्याच्या सोयीचा, आकडा २५४ करावा. लॅपटॉप बंद करून चालू केला की पुष्कळ डिस्कवर हा आकडा मूळ पदावर येतो. म्हणून त्याच प्रोग्रॅममधली आपोआप लावण्याची आणि विंडोजसोबत सुरू होण्याची सोय चालू ठेवावी. काही डिस्क एपीएम मानतच नाहीत. त्यांच्यापुढे इलाज नाही.

आता खरा धोक्याचा आवाज. लॅपटॉप सुरू केला की गरगर चढते आणि मग टक्… टक्… टक्… टक्, घड्याळाच्या लंबकासारखी ठरलेल्या अंतराने. काही ठोक्यांनंतर गरगर मंदावते, क्षणभर शांतता, पुन्हा गरगर, पुन्हा टकटक. तेवढ्या वेळात पडदा काळाच राहतो, नाहीतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो. इंग्रजीत याला ‘क्लिक ऑफ डेथ’ म्हणतात. हे नाव १९९० च्या दशकात झिप ड्राइव्हवरून रूढ झाले. आत घडते ते असे: मोटर पूर्ण वेगात आली की हेड तबकडीवर जाते आणि तिथे कारखान्यात लिहिलेल्या खुणा शोधते. हेड कोणत्या पट्ट्यावर आहे हे डिस्कला या खुणांवरूनच कळते. खुणा वाचता आल्या नाहीत तर आर्म, म्हणजे हेड धरणारा दांडा, मागे जाऊन टेकणावर आपटतो आणि नव्याने प्रयत्न करतो. प्रत्येक ‘टक्’ म्हणजे एक फसलेला प्रयत्न. कारण बहुधा हेड निकामी झाल्याचे असते, कधी तबकडी खराब झाल्याचे, कधी डिस्कच्या खालच्या सर्किटचे, आणि कधी नुसत्या अपुऱ्या विजेचे.

दुसरा धोक्याचा आवाज म्हणजे दाबलेली ‘बीप-बीप’ किंवा ‘झीं-झीं’, आणि गरगर मुळीच नाही. मोटर फिरायचा प्रयत्न करते पण जागची हलत नाही. हेड उतारावर न जाता तबकडीवरच चिकटून बसले किंवा बेअरिंग जाम झाले की असे होते. लॅपटॉप चालू असताना पडला असेल तर पहिलेच कारण समजावे. बाहेरून लावायच्या यूएसबी डिस्कने हा आवाज केला तर मात्र आधी केबल बदला. अडीच इंची डिस्कला गरगर चढवताना सुमारे १ ॲम्पिअर वीज लागू शकते. जुन्या यूएसबी २.० पोर्टचे प्रमाण ५०० मिलिॲम्पिअर, निळ्या ३.० पोर्टचे ९००. लांब स्वस्त केबल, त्यात मध्ये हब, त्यावर माउस आणि बायोमेट्रिक यंत्र, अशा जोडणीत चांगली डिस्कही टकटक आणि बीप करते. आखूड केबलने थेट निळ्या पोर्टला लावून एकदा पाहावे. आवाज तसाच राहिला तर दुसऱ्यांदा लावू नये.

तिसरा आवाज खरवडण्याचा: ‘खर्र-खर्र’, पाट्यावर खडा घासल्यासारखा. हेड तबकडीला टेकून लेप सोलते आहे. इथे विचार करत बसायला वेळ नसतो, कारण त्या एका मिनिटात तोच पट्टा ५४०० वेळा हेडखालून जातो. सोललेल्या लेपाची पूड आत उडून बाकीच्या हेडखालीही जाते. पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप तिथल्या तिथे बंद करावा, विंडोजच्या ‘शट डाउन’ची वाट पाहू नये. एरवी असे बंद करू नका असेच आम्ही सांगतो. हा एक अपवाद.

मात्र लॅपटॉपमधला प्रत्येक आवाज डिस्कचा नसतो आणि आपल्या भागात तर चकवणाऱ्या गोष्टी फार. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या ऑफिसातले आणि गावातले लॅपटॉप उघडले की पंख्याच्या जाळीवर रुईचा अक्षरशः नमदा बसलेला दिसतो. तंतू पंख्याच्या पात्यांत अडकले की ‘फर्र-फर्र’ किंवा ‘टरटर’ होते आणि ग्राहक म्हणतो, हार्डडिस्क गेली. ओळखायचे असे: पंख्याचा आवाज कडेच्या झरोक्यातून येतो आणि भार वाढला की चढतो. डिस्क बहुधा तळहात टेकतो त्या जागेखाली, डावीकडे किंवा उजवीकडे असते. घरातला पंखा आणि कूलर बंद करावा, कागदाची सुरळी किंवा लाकडी पट्टी त्या जागी टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावावा. आवाज कुठून येतो ते लगेच कळते. सुरू होताना एकदाच ‘खर्र-टक्’ होत असेल तर तो डीव्हीडी ड्राइव्ह. आणि लॅपटॉपमध्ये फक्त एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, असेल तर तिच्यात फिरणारे काहीच नसते. तिथला आवाज पंख्याचा, नाहीतर सर्किटवरच्या कॉइलची बारीक ‘किर्र’.

टकटक अधूनमधून येते पण विंडोज अजून चालते, ही सर्वांत मोलाची वेळ. ही वेळ लोक कशात घालवतात? ‘चेकडिस्क’ ही विंडोजची डिस्क तपासणी चालवण्यात, डीफ्रॅग म्हणजे विखुरलेल्या फायली एकत्र लावण्यात, अँटिव्हायरसची पूर्ण झडती घेण्यात. हे तिन्ही टाळा. चेकडिस्क दुखऱ्या जागा पुनःपुन्हा वाचत राहते आणि फायलींच्या नोंदींत फेरफारही लिहिते. कमकुवत हेडकडून रात्रभर एवढे काम करून घेतले की सकाळी डिस्क दिसतच नाही. क्रम असा ठेवा. लॅपटॉप सपाट टेबलावर, चार्जर लावलेला, बॅटरीही भरलेली. दुसरी चांगली डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह जोडा. आधी लहान आणि पुन्हा न मिळणारे: कागदपत्रे, टॅलीचा डेटा फोल्डर, प्रबंध, घरचे फोटो. डेस्कटॉप आणि डाउनलोड विसरू नका, सेवा केंद्रांतले अर्धे काम तिथेच पडलेले असते. श्रीलिपी, कृतीदेव असे फॉन्ट वापरत असाल तर तेही घ्या, नाहीतर वाचलेल्या फायली उघडल्यावर अक्षरांची रांगोळी दिसेल. मोठे व्हिडिओ शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकून टकटक वाढली तर ती सोडून पुढे जा. वेग सेकंदाला काही केबीवर आला किंवा आवाज बदलला तर तिथेच थांबा.

विंडोज सुरू होत नसेल, पण डिस्क ओळखली जात असेल, तर जाणकाराने लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून डीडीरेस्क्यूने डिस्कची संपूर्ण नक्कल घ्यावी. हा प्रोग्रॅम पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग उचलतो, दुखऱ्या जागा मागे ठेवतो आणि कुठवर आलो त्याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम तिथून पुढे चालते. दोन गोष्टी सांभाळाव्यात. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. आणि कोणती डिस्क देणारी, कोणती घेणारी हे सीरियल नंबर वाचून दोनदा पडताळावे. अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावणार असाल तर आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप, चालू आहे का पाहा. काही लॅपटॉपमध्ये ते मालकाला न कळता चालू झालेले असते. ४८ अंकी चावी हाताशी नसेल तर डिस्क शाबूत असूनही डेटा कुलूपबंदच राहतो. दुसऱ्या संगणकाने ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ किंवा ‘इनिशिअलाइज करायची का’ असे विचारले तर उत्तर एकच, कॅन्सल.

डेटा हाती आल्यावर तपासणी करावी. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कच्या स्वतःच्या नोंदी दिसतात, त्यांना स्मार्ट म्हणतात. तिथे ‘गुड’ असा निळा शिक्का दिसला तरी आकडे वाचा. ०५ म्हणजे कायमच्या बाद करून बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्याने अडकून पडलेल्या, सी६ म्हणजे तपासणीतही न वाचलेल्या. या तिन्हींचा मूळ आकडा शून्य असायला हवा. सी५ दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदलायला लागा. ०ए म्हणजे मोटरला गरगर चढवायला लागलेले जादा प्रयत्न, तोही शून्यच हवा. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, डिस्कचा नव्हे. हा प्रोग्रॅम मूळ आकडे सुरुवातीला सोळाच्या पद्धतीने दाखवतो, म्हणजे १० दिसले तर खरे १६. मेनूतून दशमान निवडता येते. सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी हेच पान उघडून ०९ समोरचे चाललेले तास आणि ०५, सी५, सी६ हे तीन आकडे पाहावेत.

मात्र आकडे स्वच्छ आहेत म्हणून टकटक खोटी ठरत नाही. गूगलने २००७ साली आपल्याकडच्या १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार महत्त्वाच्या नोंदींपैकी एकही हललेली नव्हती. याच अभ्यासात पहिली स्कॅन त्रुटी दिसलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त आढळली. म्हणजे नोंद हलली तर तातडी आहे, आणि नोंद गप्प असेल तरी कानाला जे ऐकू आले ते सोडायचे नाही.

गैरसमजांपैकी दोनांनी फार नुकसान होते. पहिला, ‘माझे सगळे डी ड्राइव्हमध्ये सुरक्षित आहे’. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे. त्याच तबकड्या, तेच हेड. विंडोज नव्याने टाकताना सी पुसला आणि डी राहिला, एवढाच त्याचा उपयोग. हेड गेले की दोन्ही कप्पे एकदम जातात. सीमधले डीमध्ये टाकून ‘बॅकअप घेतला’ म्हणणारे ग्राहक शिकलेले, हुशार असतात. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते. दुसरा गैरसमज, डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालते. बाहेर काढताच तिच्यावर आणि आतही दव धरते आणि त्या पाण्याच्या थेंबावर हेड आदळते. टपली मारणे, झाकण उघडून हेड बोटाने सरकवणे, हे व्हिडिओत पाहून करू नये. धुळीचा साधा कण हेडखालच्या फटीच्या शेकडो पट मोठा असतो, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात हवेत धूळ किती असते ते वेगळे सांगायला नको. तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून लावले की झाले, हेही आता चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या हेडची जुळणी तिच्याच सर्किटवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. ती चिप हलवल्याशिवाय नवे सर्किट कामाचे नाही.

सर्किटवरून एक गोष्ट तंत्रज्ञ मित्रांसाठी. समोर कूलर लावून वर्षानुवर्षे वापरलेल्या लॅपटॉपच्या डिस्कमध्ये सर्किटच्या आतल्या बाजूच्या, हेड आणि मोटरशी जुळणाऱ्या चकत्या काळ्या पडलेल्या सापडतात. जोड कच्चा झाला की डिस्क टकटक करते किंवा ओळखली जात नाही. टी५ किंवा टी६ टॉर्क्स पान्याने सर्किटचे स्क्रू सोडवावेत, हात आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला लावावा, चकत्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात आणि सर्किट परत बसवावे. तबकड्यांचे झाकण यात उघडत नाही. चकत्या स्वच्छ असतील आणि तरी टकटक कायम असेल तर डिस्कला पुन्हा वीज देऊ नका. डेटा मोलाचा असेल तर ती जशी आहे तशी, स्पंजात गुंडाळून, स्वच्छ कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी केंद्राकडे पाठवावी. खर्चाचा अंदाज, डेटा न मिळाल्यास किती पैसे लागतील आणि डिस्क परत मिळेल का, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात.

आपल्याकडे डिस्क लवकर का खराब होतात, याची कारणे खास इथली आहेत. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. लॅपटॉपच्या डिस्कला चालताना साधारण ६० अंशांपर्यंतची मुभा असते आणि ती खोलीच्या तापमानापेक्षा सहज १०-१५ अंशांनी गरम राहते. हिशेब करा, उरते किती? त्यात लॅपटॉप गोधडीवर किंवा उशीवर ठेवला की खालचे झरोके बंद. लाकडी पाटावर ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. दुपारी मोठी कॉपी लावू नये, पहाटे लावावी.

उन्हापेक्षाही जास्त घात करते ती अचानक गेलेली वीज. बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट चार्जरवर चालवायची पद्धत गावोगाव आहे. वळिवाच्या पहिल्या वादळात वीज गेली की डिस्कची वीज त्याच क्षणी तुटते. तेव्हा फिरत्या मोटरमध्ये उरलेल्या गतीतून वीज निर्माण होते आणि तेवढ्या बळावर आर्म कसाबसा उतारावर फेकला जातो. त्या वेळचा ‘खट्’ एरवीच्या ‘टक्’पेक्षा मोठा असतो. एकदा-दोनदा ठीक, पण दिवसातून चार वेळा, वर्षभर? स्मार्टमध्ये सी० समोर हा आकडा दिसतो. लॅपटॉपला नवी बॅटरी टाकणे हा डिस्क वाचवण्याचा आमच्या मते सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित. तसेच लॅपटॉप नुसता मिटून पिशवीत घालून मोटारसायकलवर नेऊ नये. मिटलेला लॅपटॉप कधीकधी पिशवीतच जागा होतो, आणि तबकडी फिरत असताना डिस्कची धक्का सोसायची ताकद बंद असतानाच्या निम्म्याहून कमी असते. शट डाउन करा, गरगर पूर्ण थांबू द्या, मग निघा.

बदलायचीच वेळ आली तर जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी टाकावी. ती ७ मिलिमीटरची असते, ९.५ च्या जागेत सैल वाटली तर सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावावी. आधी चार्जर काढा, तळाचे झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवा, मग डिस्कच्या चौकटीचे चार स्क्रू. चपटी रिबन केबल असेल तर तिची पिन सरळ ओढा, वाकडी नको. ही केबल सैल बसली तर नवी डिस्कही मधूनच गायब होते. टकटक करणाऱ्या डिस्कचे क्लोनिंग करून विंडोज हलवण्याचा हट्ट धरू नये, विंडोज नवे टाकावे. जुनी डिस्क किमान सहा महिने जपून ठेवावी, राहून गेलेली फाइल तेवढ्यात आठवतेच. एसएसडीला गरमी आणि धक्के कमी बाधतात, पण ती मरताना आवाज करत नाही. आज चालू, उद्या दिसतच नाही. म्हणून एसएसडी टाकल्यावर दुसऱ्या डिस्कवरची नक्कल जास्तच गरजेची होते, आणि तिसरी नक्कल दुसऱ्या घरी किंवा ऑनलाइन असावी. दोन वर्षे कपाटात ठेवायचा डेटा एसएसडीवर ठेवू नका. वीज न मिळता बराच काळ पडून राहिली की तिच्यातला डेटा विरत जातो.

आमच्याच व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. ग्राहकाने टकटक करणारा लॅपटॉप समोर ठेवला की ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य तोंडातून काढण्याआधी ‘यात काय काय आहे आणि त्याची दुसरी प्रत आहे का’ हे विचारावे, आणि उत्तर पावतीवर लिहून त्याची सही घ्यावी. फॉरमॅटने खराब हेड दुरुस्त होत नाही. ग्राहकानेही लॅपटॉप देताना ‘स्लो झालाय’ एवढेच न सांगता आवाज कधीपासून, किती वेळाने, पडला होता का, वीज गेली होती का, हे सांगावे. आवाज खरवडण्याचा नसेल आणि शक्य असेल तर फोन डिस्कच्या जागेजवळ धरून अर्ध्या मिनिटाचे रेकॉर्डिंग करून आणावे. त्यामुळे आवाज ऐकायला दुकानात डिस्क पुन्हा चालू करावी लागत नाही, आणि टक्-टक्मधले अंतर ऐकूनच निम्मे निदान होते.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ,
जळगाव, धुळे व नंदुरबार